बाबांच्या जुन्या फोटोची जागा शोधताना : कृष्णाकाठचे चार दिवस

बाबांच्या कपाटात पुठ्ठ्याचा एक खोका आहे. त्यात १९७९ साली त्यांनी मेणवलीच्या घाटावर काढलेला एक कृष्णधवल फोटो आहे, पोस्टकार्डाएवढा. ऑफिसातल्या मित्राकडून मागून आणलेला यशिका इलेक्ट्रो ३५ कॅमेरा आणि ऑर्वो फिल्मचा रोल. छत्तीस फोटोंचा तो रोल त्यांनी महिनाभर पुरवला होता. मला फोटोग्राफीचा नाद लागला तो या खोक्यामुळेच. देवळं, वाडे, झाडी, नदी यांचे फोटो काढत आता दहाएक वर्षं झाली, पण त्या घाटावर आम्ही दोघं मिळून कधी गेलो नव्हतो. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. कोजागिरी झाली, पाऊस ओसरला आणि मी म्हटलं, "बाबा, चला. तुम्ही जिथं उभे होतात तिथंच उभं राहून एक फोटो काढू."

दिवस पहिला : वाई

पुण्याहून जेवून निघालो. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळलो आणि तीनच्या सुमाराला वाईत पोचलो. घाटाजवळच्या एका काकूंच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. सामान टाकून थेट गणपती आळीच्या घाटावर गेलो.

ढोल्या गणपतीचं हे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. सगळे त्याचा फोटो समोरून काढतात. मीही पूर्वी तसाच काढला होता, शिखर मध्यभागी आणि खाली पायऱ्या. या वेळी घाटावर बसलेल्या एका काकांनी हाताला धरल्यासारखं आम्हाला मागे नेलं. म्हणाले, "पुढून काय बघता? देऊळ कळायचं तर पाठ बघा." गाभाऱ्याची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर आपटून दोन्ही अंगांनी फुटतं आणि देवळाला धक्का बसत नाही. काकांनी भिंतीवरच्या पुराच्या खुणा बोटानं दाखवल्या. एक तर माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर होती.

तिरक्या उन्हात त्या भिंतीवरचा एकेक दगड उठून दिसत होता. ट्रायपॉड उघडला आणि लक्षात आलं, कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची प्लेट पुण्यातच राहिली होती. संध्याकाळचा कमी उजेड, नदीचं पाणी मऊ दिसावं म्हणून हवा असलेला लांब शटर (म्हणजे जास्त वेळ उघडा राहणारा), सगळंच अडलं. गावात दोन दुकानं फिरलो, तशी प्लेट मिळाली नाही.

रात्री जेवताना बाबांनी हे काकूंना सांगितलं. पानात गरम भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी आणि लसणाची चटणी होती. काकूंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे कॅमेरा हलायला नको, एवढंच ना?" आणि जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा घेऊन त्यात दीडएक किलो ज्वारी भरली, तोंड शिवून टाकलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. कठड्यावर ती ठेवून वर कॅमेरा दाबला की तो असा रुतून बसतो की अर्ध्या सेकंदाचा फोटोही लख्ख येतो. पिशवी शिगोशीग भरू नये, एक तृतीयांश रिकामी असली तरच ज्वारी कॅमेऱ्याच्या आकाराप्रमाणे सरकते, हेही काकूंनीच दाबून दाबून ठरवलं.

वाईत जाणार असाल तर दोन गोष्टी. गाभाऱ्यात फोटो काढायचा झाला तर आधी विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा पिशवीत ठेवून दर्शन घ्या. एकाच दगडातली ती भव्य मूर्ती डोळ्यांनी बघण्यातच जास्त सुख आहे. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा नंदी मात्र चुकवू नका, काळ्या दगडावर सकाळचा मऊ उजेड फार सुंदर पडतो. आणि थंडीत आलात तर वाईच्या सात घाटांवर पाळीपाळीनं कृष्णाबाईचा उत्सव असतो. घाट माणसांनी भरलेले बघायचे असतील तर तेव्हा या.

दिवस दुसरा : मेणवली आणि थोडं धोम

सहाला घाटावर हजर. वाईपासून मेणवली तीन-चार किलोमीटर. नदीवर वाफ तरंगत होती आणि पलीकडचे ऊस नुसते करड्या रेघांसारखे दिसत होते. चंद्रकोरीसारखा वळत गेलेला घाट, त्यावरची देवळं आणि मागे नाना फडणवीसांचा वाडा.

बाबांनी पाकिटातून फोटो काढला. इथून आमचं खरं काम सुरू झालं. जुन्या फोटोची जागा शोधायची एक पद्धत आहे. फोटोतली जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू निवडायची. आम्ही घाटाचा एक तुटका कोपरा आणि मागचं शिखर निवडलं. फोटोत तो कोपरा शिखराच्या डाव्या कडेला बरोबर भिडलेला होता. आपण डावीकडे सरकलो की जवळची वस्तू उजवीकडे सरकते. तेव्हा दोन्ही पुन्हा तशीच भिडेपर्यंत इकडेतिकडे सरकत राहायचं. मग उंची. फोटोत समोरच्या पायरीची वरची बाजू दिसत नाही, फक्त पुढची कड दिसते. म्हणजे कॅमेरा खाली होता. बाबांना एकदम आठवलं, "अरे, मी बसलो होतो. गुडघ्यावर." यशिकाची लेन्स ४५ मिलिमीटरची, कायमची बसवलेली. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, म्हणून तेवढीच चौकट मिळावी यासाठी मी झूम ३० वर आणून ठेवला. वीस मिनिटं सरकून, बसून, उठून एकदाचं सगळं जुळलं. शेचाळीस वर्षांनंतर बाबा त्याच पायरीवर एक गुडघा टेकवून बसले होते आणि मी त्यांच्या खांद्याला लागून.

पण उजेड जुळत नव्हता. जुन्या फोटोत शिखर उन्हात न्हालेलं आहे आणि आत्ता सगळं एकसारखं मळकट. एक आजी पायरीवर धुणं धूत होत्या. बराच वेळ आमच्याकडे बघून म्हणाल्या, "कशाची वाट बगतायसा?"

मी म्हटलं, "आजी, शिखरावर ऊन कधी येतं?"

"मधी डोंगर हाय न्हवं. नवाच्या आत न्हाई यायचं. बसा निवांत."

बाबांनी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी ओले हात पदराला पुसले, फोटो कडेनं धरला आणि खूप वेळ बघत राहिल्या. मग एका दगडावर बोट ठेवलं. "ह्यो आमच्या सासूबाईंचा दगुड. हितंच धुवायच्या. आता मी धुते." तो दगड आमच्यासमोर होता, मधोमध खोलगट झालेला, अजून ओला. वर धोमचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की या खालच्या पायऱ्या बुडतात, तेव्हा त्या वरच्या टप्प्यावर धुणं आणतात, असंही त्यांनी सांगितलं. उठताना म्हणाल्या, "समदी फोटू काढत्यात. देत कुणी न्हाई."

मी देते म्हणाले.

नऊला पाच-सात मिनिटं असताना शिखराचा कळस उजळला आणि ऊन हळूहळू खाली उतरू लागलं. ते पायऱ्यांपर्यंत यायला बारा-पंधरा मिनिटं लागली असतील. त्यातला मधला क्षण, शिखर उन्हात आणि घाट अजून सावलीत, हा बाबांच्या फोटोतला क्षण. आजी दगडाशी होत्याच. बाबांनी स्वतः बटण दाबलं.

घाटावरची घंटा हा मेणवलीचा दुसरा अचंबा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा लुटीत आल्या. भीमाशंकरलाही तशीच एक आहे. इथल्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. समोरून फ्लॅश टाकला तर ती आकृती सपाट होऊन जाते. मी मोबाइलचा दिवा बाबांच्या हाती दिला आणि त्यांनी तो बाजूनं, जवळजवळ घंटेला समांतर धरला. एकदम चेहरा, पदराच्या चुण्या, बाळाचा हात असं सगळं वर आलं. कोणतंही कोरीव काम, शिलालेख, वीरगळ टिपायचा असेल तर हीच युक्ती वापरा.

सहा चौकांचा वाडा बघायला दोन तास दिले आणि तेही कमी पडले. वाडा खासगी मालकीचा आहे, म्हणून आत जायला आणि फोटोला दोन्हीसाठी विचारायला हवं. भिंतींवरची चित्रं फिकट होत चालली आहेत, त्यांच्यावर फ्लॅश अजिबात टाकू नका. माझं मन बसलं ते एका चौकातल्या सागवानी खांबावर. माणसाचा हात लागेल तेवढ्याच उंचीवर तो गुळगुळीत, काळा झाला आहे. वरखाली लाकूड खरबरीत. किती पिढ्यांनी चौकात उतरताना तिथं हात टेकवला असेल! त्या एका खांबाचे मी अकरा फोटो काढले.

दुपारी धोमला गेलो. नरसिंहाचं देऊळ, कमळाच्या आकाराचं कुंड आणि कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. ऊन फार कडक होतं, फोटो मनासारखे झाले नाहीत. पुन्हा जाईन तर सकाळी. संध्याकाळी वाईतल्या एका स्टुडिओत मेणवलीच्या फोटोची प्रिंट करायला टाकली.

दिवस तिसरा : महाबळेश्वरचं रान

पहाटे पाचला निघून पसरणीचा घाट चढलो. पाचगणी ओलांडल्यावर धुकं लागलं आणि क्षेत्र महाबळेश्वरला पोचेपर्यंत वीस पावलांपलीकडचं दिसेना. पर्यटकांना असं धुकं नको असतं, कारण पॉइंटवरून काही दिसत नाही. झाडांचे फोटो काढणाऱ्याला मात्र हेच हवं असतं. रान म्हणजे गर्दी. फांदीवर फांदी, पानावर पान, आणि फोटोत नुसता गुंता येतो. धुकं मागची झाडं एकेक करून पुसून टाकतं आणि समोरचं एक झाड आपल्यासाठी वेगळं काढून देतं.

आर्थर सीटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं आम्ही चालत राहिलो. हे जांभूळ, अंजनी, पिसा आणि हिरड्याचं जंगल आहे. वाऱ्यापावसानं झाडं बुटकी आणि वाकडीतिकडी झालेली, खोडांवर बोटभर जाडीचं शेवाळ, त्यात नेचे आणि आमरी (ऑर्किड). हात लावला तर ओल्या घोंगडीसारखं लागतं. कुठून तरी शीळकरी कस्तूर गात होता, अगदी शाळकरी मुलगा रमतगमत शीळ घालत जावा तसा. बाबा थांबून ऐकत राहिले.

धुक्यातल्या फोटोंसाठी मला अनुभवानं कळलेलं सांगते. कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरं धुकं म्हणजे भरपूर उजेड वाटतो आणि तो फोटो काळवंडतो. म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ओली पानं चमकून पांढरी दिसतात, लेन्सवर लावलेला पोलरायझर फिल्टर फिरवला की ती चमक जाते आणि खरा हिरवा रंग वर येतो. पण पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेव्हा कॅमेऱ्याला टेकू हवाच. इथंही ज्वारीची पिशवी कामी आली, एका दगडी बांधावर. ती ओली होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. आणि उबदार गाडीतून एकदम बाहेर गार धुक्यात, पुन्हा गाडीत, असं करू नका. लेन्सवर वाफ धरते. आम्ही कॅमेऱ्याची बॅग रात्रभर खिडकीजवळ ठेवली होती.

वाटेत एक मध गोळा करणारे दादा भेटले. रस्त्याच्या आत त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, सातेरी माश्यांच्या. जवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. मी ज्या झाडाचा फोटो काढत होते त्याला मी जांभूळ समजत होते. ते म्हणाले, "ताई, ही अंजनी. पान बघा, जाड हाय. चैत्रात या. सगळी फांदी निळी होती, पान दिसत न्हाई." मग त्यांनी आम्हाला पंधरा मिनिटं झाडं शिकवली. हिरडा, पिसा, गेळा. कुठल्या महिन्यात कशाचा मध, हाच त्यांचा पंचांग. कारवी सात वर्षांनी फुलते, तेव्हाच्या मधाचं तर त्यांनी असं वर्णन केलं की बाबांनी कारवी फुलायचं साल डायरीत लिहून घेतलं. त्यानंतर त्या रानाकडे बघताना मला वेगळंच वाटायला लागलं. आधी सगळी झाडं होती, आता त्यात अंजनी होती, पिसा होता. आणि फोटोही बदलले. मी अख्खं रान कॅमेऱ्यात मावायचा प्रयत्न सोडून एका अंजनीच्या खोडाशी तासभर बसले.

रस्ता सोडून फार आत जाऊ नका. गवे आहेत, आणि धुक्यात ते अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. पावसाळ्याच्या आसपास गेलात तर जळवांसाठी मीठ जवळ ठेवा.

दहानंतर धुकं विरलं. पंचगंगेच्या देवळात गर्दी होती, पण तिथून जरा मागे चालत गेलं की कृष्णाईचं जुनं दगडी देऊळ आहे आणि तिथं आम्ही दोघंच होतो. काळा, शेवाळलेला दगड, गोमुखातून कुंडात पडणारी पाण्याची धार, आणि समोर उतरत गेलेलं खोरं. बाबा ओट्यावर बसून म्हणाले, "काल आपण जिच्या काठावर बसलो होतो ती इथून निघते." गोमुखाखाली त्यांनी ओंजळ धरली. त्या ओंजळीचा फोटो या सगळ्या सहलीतला माझा सगळ्यात आवडता.

उतरताना स्ट्रॉबेरीच्या शेतांत नुकती लावलेली रोपं दिसली, काळ्या मल्चिंग कागदातून डोकं वर काढलेली. फळाला अजून दोन महिने होते. गरम कणीस खाऊन वाईला परतलो.

दिवस चौथा : पुन्हा मेणवली, मग लिंब

सकाळी प्रिंट घेऊन घाटावर गेलो. आजी दगडापाशी होत्या. त्यांनी हात पुसून फोटो घेतला. मला वाटलं, स्वतःला बघतील. त्या पाणी बघत होत्या. "त्या फोटूत पाणी ह्या पायरीला हाय, आन् ह्यात त्याच्या खाली," म्हणाल्या. आम्ही दोन्ही फोटो शेजारी धरले. खरंच एका पायरीचा फरक होता. वीस मिनिटं ताडून पाहताना आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मग पोलक्यात फोटो ठेवत त्या बाबांना म्हणाल्या, "दादा, चा प्या घरी येऊन." चहा प्यायलो. गुळाचा होता.

तिथून हायवेला लागून लिंब गाव. साताऱ्याच्या अलीकडे नागेवाडीजवळ फाटा आहे. इथली बारा मोटेची विहीर साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. मोठी अष्टकोनी विहीर, तिला जोडलेली चौकोनी विहीर, आणि दोन्हींच्या मध्ये पाण्यावर उभा असलेला दगडी महाल. वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार. एका वेळी बारा मोटा (बैलांनी ओढायच्या पाण्याच्या चामडी पिशव्या) चालायच्या आणि पाणी आमराईला जायचं. जिथं मोटा लागायच्या त्या दगडांवर हात फिरवून बघा.

कडक दुपारी फोटो काढू नयेत असं आम्हाला सगळे शिकवतात, मीही तसंच मानत आले होते. पण बाबा घाटावरच्या त्या नऊच्या उन्हावरून एक गोष्ट पक्की धरून बसले होते, की प्रत्येक जागेची आपली वेळ असते. "एवढ्या खोल विहिरीत सकाळचं ऊन कुठून जाणार? बाराला तिथं असू," असं त्यांनी आदल्या रात्रीच ठरवलं होतं. अकराला खाली उतरलो तेव्हा आत गार अंधार होता, खांबांवरची शिल्पं नुसती चाचपडावी लागत होती. पारवे घुमत होते. मग ऊन एकेका थरानं खाली सरकू लागलं. साडेबाराच्या जरा आधी ते उत्तरेकडच्या भिंतीवरून पाण्याला टेकलं आणि पाण्यावरून उसळलेला उजेड महालाच्या कमानींच्या पोटावर हलू लागला. सिंहांचे जबडे, हत्ती, वेलबुट्टी, सगळं खालून उजळलं. जेमतेम पंचवीस मिनिटं. मी ज्वारीची पिशवी कठड्यावर ठेवली, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे घातला आणि प्रत्येक चौकटीचे तीन-तीन फोटो काढले, एक उन्हासाठी, एक अंधारासाठी, एक मधला. नंतर ते एकत्र करता येतात. एका फोटोत ही विहीर मावत नाही, उजेड-अंधाराचा फरकच तेवढा आहे. पायऱ्या निसरड्या आहेत, कठडे सगळीकडे नाहीत. फोटो काढताना मागे पाऊल टाकू नका, आधी कॅमेरा खाली करा आणि मग सरका.

बाबा महालात उभे राहून पाण्यावरच्या सावलीची कड बघत होते. "आत्ता ऊन कलतंय म्हणून एका बाजूच्या पाण्यावर पडतंय. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथं शून्य सावली असते. सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा सगळं पाणी उजळेल." त्यांनी ते डायरीत लिहिलं, वेळेसकट.

साताऱ्याला वळून कंदी पेढे घेतले आणि पुण्याला परतलो. परतताना वाटेत वाईला थांबून काकूंना पिशवी परत द्यायला गेले तर त्यांनी घेतली नाही, "मे महिन्यात येणार म्हणताय ना, मग असू दे तुमच्याकडंच." ती आता कॅमेऱ्याच्या कपाटात आहे. तोवर ज्वारीला कीड लागू नये म्हणून बाबांनी कालच शिवण उसवून आत वाळलेला कडुलिंबाचा पाला घातला आणि तोंड पुन्हा टाचून टाकलं.